धरणग्रस्त पिढीचे वार्धक्य : उजनीकाठच्या गावांतील वृद्धांच्या स्वास्थ्याचा विचार

भीमा नदीवर माढा तालुक्यात उजनी गावाजवळ जे धरण बांधले गेले, त्याच्या कामास १९६६ साली प्रारंभ झाला आणि १९८० साली ते पूर्ण झाले. धरणामागे पसरलेल्या जलाशयास यशवंतसागर असे नाव देण्यात आले. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या या जलाशयाने सोलापूर जिल्ह्यात केवढे परिवर्तन घडविले, ज्वारीचा मुलूख उसाचा कसा झाला, याची चर्चा अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. विस्थापितांच्या पुनर्वसनाची चर्चाही, तितक्या तपशिलाने नसली तरी, होत आली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय या दोहोंच्या मधला आहे. ज्या स्त्रीपुरुषांनी ऐन उमेदीच्या वयात आपले गाव पाण्याखाली जाताना पाहिले, तीच माणसे आज या जलाशयाच्या काठी वृद्ध झाली आहेत. १९७८ च्या सुमारास जी मुलगी सून म्हणून नुकतीच घरात आली होती, ती आज सत्तरीच्या मागेपुढे आहे. ज्या कर्त्या पुरुषाने मोबदल्याच्या कागदावर सही किंवा अंगठा केला, तो हयात असल्यास ऐंशीच्या घरात अथवा त्याही पलीकडे आहे. करमाळा आणि माढा तालुक्यांतील काठाच्या गावांत, तसेच पलीकडच्या तीरावरील इंदापूर तालुक्यात, वृद्ध म्हणजे बहुतांशी धरणग्रस्त असे हे समीकरण आणखी थोडी वर्षेच टिकणार आहे. त्यानंतर त्या अनुभवाचा साक्षीदार उरणार नाही.

वृद्धांच्या आरोग्याचा प्रश्न निघाला की आपल्याकडे तो दोन वाटांनी हाताळला जातो. एक वाट वैद्यकाची : रक्तदाब, मधुमेह, मोतीबिंदू, संधिवात यांची मोजदाद करावी आणि औषधांची तरतूद पाहावी. दुसरी वाट कुटुंबनीतीची : एकत्र कुटुंब मोडले, मुले पुण्यास गेली, संस्कार उरले नाहीत, असा हळहळीचा सूर लावावा. पहिली वाट आवश्यक आहे पण अपुरी आहे. दुसरी वाट आम्हांस फारशी उपयोगाची वाटत नाही, कारण तिच्यात जे मोजावयाचे ते न मोजता दोष तेवढा वाटला जातो. उजनीकाठच्या परिस्थितीचा विचार करता येथील वृद्धांच्या स्वास्थ्याचा प्रश्न मुख्यत्वे अंतराचा प्रश्न आहे, असे आमचे मत आहे. उपचारापासूनचे अंतर, कामापासूनचे अंतर आणि माणसांपासूनचे अंतर ही तिन्ही या गावांत वाढली आहेत, आणि ती वाढविण्यात जलाशयाचा वाटा आहे.

या भूमिकेस आधार म्हणून स्वास्थ्याची जी कल्पना येथे गृहीत धरली आहे ती प्रथम सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने वार्धक्य आणि आरोग्य या विषयावर २०१५ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात निरोगी वार्धक्याची व्याख्या रोगाच्या अभावावरून केलेली नाही. माणसाला जे करणे मोलाचे वाटते ते त्याला करता येणे, म्हणजे कार्यक्षमता टिकणे, हे त्या व्याख्येचे सार आहे. ही कार्यक्षमता दोन गोष्टींवर अवलंबून असते : शरीर व मन यांची अंगभूत शक्ती, आणि ज्या परिसरात माणूस राहतो तो परिसर. गुडघे दुखणारी म्हातारी देवळापर्यंत जाऊ शकते की नाही, हे गुडघ्यावर जितके अवलंबून आहे तितकेच देऊळ किती दूर आहे आणि वाट कशी आहे यावरही आहे. २०२१ ते २०३० हे दशक निरोगी वार्धक्याचे दशक म्हणून संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले त्यामागेही हीच दृष्टी आहे. उजनीकाठी परिसराचा हा भाग मनुष्यकृत असल्याने त्याचा विचार अधिक नेटाने करावयास हवा.

प्रथम उपचाराचे अंतर घेऊ. आपल्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेची रचना लोकसंख्येच्या मापाने झालेली आहे. सपाट प्रदेशात ५,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ, आदिवासी व दुर्गम प्रदेशात हेच प्रमाण अनुक्रमे ३,००० आणि २०,००० असे आहे. करमाळा तालुका नकाशावर सपाट आहे. डोंगर नाही, अरण्य नाही. म्हणून दुर्गम म्हणण्याचे कारण नाही. परंतु जलाशयाच्या फुगवट्याने या सपाट प्रदेशाचे जे तुकडे केले आहेत त्यांचा हिशेब या मापात बसत नाही. फुगवट्याची शिंगे ओढ्यानाल्यांतून आत शिरलेली असल्याने नजरेच्या टप्प्यातील गाव रस्त्याने कित्येक कोस दूर पडते. कुगाव हे करमाळा तालुक्यातील गाव आणि कळाशी हे इंदापूर तालुक्यातील गाव. दोहोंमध्ये फक्त पाणी आहे, पण ते पाणी टाळून जावयाचे तर फार मोठा वळसा पडतो. म्हणून वर्षानुवर्षे लोक नावेने ये-जा करीत आले. २१ मे २०२४ रोजी याच दोन गावांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी नाव उलटून सहा जणांचा अंत झाला. त्या दुर्घटनेने प्रवासाच्या सुरक्षिततेची चर्चा राज्यभर झाली, ते योग्यच झाले. परंतु त्या नावेची गरज का होती, हा प्रश्न मात्र मागे राहिला. शिरसोडी आणि कुगाव यांना जोडणाऱ्या पुलास शासनाने मंजुरी दिली आहे. अशा पुलाचा हिशेब करताना ऊस आणि मासळी यांची वाहतूक धरली जाते; वृद्ध रुग्णाचा प्रवासही धरला जावा अशी अपेक्षा आहे.

तीच गोष्ट डिकसळची. पुण्याहून सोलापुराकडे जाणारा जुना लोहमार्ग जलाशयात गेला आणि नवा मार्ग बांधला गेला, तेव्हा जुना रेल्वेपूल रस्त्याच्या कामी आला, आणि करमाळा तालुक्याच्या पश्चिम भागातील लोक त्यावरून भिगवणच्या बाजारास व दवाखान्यास जाऊ लागले. परतीरावर जाण्यासाठी एका टाकून दिलेल्या पुलावर विसंबावे लागणे, यावरून या भागाचे दळणवळण कसे घडत आले हे ध्यानी येते. आणखी एक गोष्ट प्रशासकीय सीमेची आहे. जिल्ह्याचे रुग्णालय सोलापुरास, पण जवळचा दवाखाना पुणे जिल्ह्यात. दाखले करमाळ्यास, पण औषध इंदापुरास किंवा बारामतीस. तरुण माणूस दुचाकीवरून ही विभागणी सहज पार करतो. वृद्धाला ती पार करण्यासाठी त्या तरुणाची आणि त्याच्या मोकळ्या दिवसाची गरज लागते.

या संदर्भात प्रवाससवलतींचे मूल्य काय, हेही पाहिले पाहिजे. राज्य परिवहन मंडळाच्या गाड्यांतून ६५ वर्षांवरील प्रवाशांना अर्ध्या भाड्यात, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना विनामूल्य, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्ध्या भाड्यात प्रवास करता येतो. टेंभुर्णी किंवा जेऊर यांसारख्या रहदारीच्या गावी या सवलतीने वृद्धांचे हिंडणेफिरणे सुकर झाले यात शंका नाही. पण सवलत तिकिटाला असते. ज्या वाडीवस्तीपर्यंत एस. टी. जातच नाही, तेथल्या म्हाताऱ्याला फाट्यापर्यंतचे दोन-तीन मैल कोणतीही योजना माफ करीत नाही.

कामाचे अंतर हा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. धरणापूर्वीची भीमाकाठची शेती मुख्यतः रब्बी ज्वारीची होती. ज्वारीच्या पिकाचे एक वैशिष्ट्य असे की त्यात सर्व वयांना कामे होती. पेरणी आणि नांगरट तरुणांची. पण कणीस भरू लागले की माळ्यावर बसून गोफणीने पाखरे हाकणे, खळ्याची राखण करणे, बियाण्याची कणसे निवडून बांधून ठेवणे, दोर वळणे, गुरे वळविणे, कडबा रचताना सांगाती उभे राहणे, ही कामे वृद्धांची. अंगात ताकद कमी झाली म्हणजे माणूस कामातून एकदम बाद होत नसे. तो एका पायरीवरून खालच्या पायरीवर येई. हुरडा कोणत्या दिवशी पाडावा, पेर कोणत्या नक्षत्रावर धरावी, याचा सल्लाही त्याच्याकडूनच घेतला जाई. ज्वारीच्या शेतीत कष्ट कमी होते असे कोणी समजू नये. दुष्काळाच्या वर्षी तीच शेती माणसाला खडी फोडावयास पाठवीत असे, आणि १९७२ चा दुष्काळ या पिढीने अंगावर काढला आहे. मुद्दा इतकाच की त्या शेतीत म्हातारपणाला जागा होती.

उसात ती जागा नाही. लागण मजुरांकडून होते, तोडणी साखर कारखान्याच्या टोळ्या करतात, बेण्याचा आणि खताचा सल्ला कृषिसेवा केंद्रात मिळतो. पाखरे उसाला लागत नाहीत. मधल्या अठरा महिन्यांत जे काम उरते ते पाणी देण्याचे, आणि नेमके हेच काम वृद्धांना झेपण्याजोगे नाही. शेतीपंपांचा वीजपुरवठा आलटून पालटून दिवसा आणि रात्री होत असल्याने रात्रपाळीच्या आठवड्यात मोटार चालू करण्यास मध्यरात्री जावे लागते. मुलगा पुण्यास किंवा चाकणला नोकरीस असेल तर बापच जातो. उसाच्या पाचटात साप-विंचवाचे भय असते, दृष्टी अधू असते, बांध निसरडे असतात. जलाशयाच्या काठी त्यात आणखी एक कष्ट मिळतो. उन्हाळ्यात पाणी जसजसे मागे हटते तसतसा मोटार, पाइप आणि केबल यांचा सरंजाम गाळातून पुढे सरकवावा लागतो, आणि पावसाळ्यात पाणी चढू लागले की तोच पुन्हा मागे आणावा लागतो. उजनीच्या एकूण साठ्यापैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ अब्ज घनफूट, हा मृतसाठा आहे. उपयुक्त साठा संपून धरण ‘मायनसमध्ये’ गेल्याची वार्ता वृत्तपत्रांत येते तेव्हा शहरातील वाचक पिण्याच्या पाण्याचा विचार करतो. काठावरील साठीच्या शेतकऱ्याला ती वार्ता आणखी किती पाइप जोडावे लागतील याची असते.

अशा रीतीने येथील वृद्ध पुरुष दोन टोकांपैकी एका टोकास ढकलला जातो. घरात तरुण मनुष्यबळ असेल तर त्याला काहीच काम उरत नाही. नसेल तर त्याच्या शक्तीपलीकडचे काम त्याच्यावर पडते. मधली पायरी नाहीशी झाली आहे. जलाशय आटला म्हणजे उघडी पडणारी गाळपेर जमीन, शेळ्यांचा लहान कळप, परसातील भाजीपाला यांत ती पायरी काही अंशी शिल्लक आहे, आणि म्हणूनच या गोष्टींकडे किरकोळ जोडधंदा म्हणून न पाहता वृद्धस्वास्थ्याचा भाग म्हणून पाहावे असे सुचवावेसे वाटते. ज्याच्या दारात दोन शेळ्या आहेत तो वृद्ध दिवसातून काही वेळ चालतो, काही ओळखीच्यांना भेटतो आणि अडीअडचणीला त्याच्या हाती स्वतःचा पैसा असतो. वैद्यकाने सांगितलेल्या व्यायामाचे काम यात पुष्कळसे होऊन जाते.

वृद्ध स्त्रियांची स्थिती याहून निराळी आहे. त्यांचे काम संपत नाही. स्वयंपाक, निवडणे-टिपणे, नातवंडे सांभाळणे, शेरडे बांधणे हे चालूच राहते, आणि चालू राहते म्हणूनच त्यांच्या दुखण्याची नोंद होत नाही. पतीपेक्षा वयाने लहान आणि आयुर्मानाने दीर्घ असल्याने उतारवयाची शेवटची वर्षे त्यांतील बहुतेकींना वैधव्यात काढावी लागतात. उजनीच्या वरच्या अंगास, पुणे जिल्ह्यात भीमेच्याच काठी वसलेल्या वढू येथे ग्रामीण आरोग्याचे संशोधनकेंद्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तेथे ५० वर्षांवरील लोकांचे जे सर्वेक्षण झाले व ज्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले, त्यात स्त्रियांनी स्वतःचे स्वास्थ्य पुरुषांपेक्षा हीन सांगितल्याचे दिसून आले. शिक्षण आणि राहणीमान यांच्या पायरीनुसारही स्वास्थ्यात चढउतार आढळला. वढू आणि करमाळा यांची परिस्थिती सर्वस्वी सारखी नाही. तरी एकाच खोऱ्यातील हा निष्कर्ष येथे लागू पडणार नाही असे मानण्यास काही कारण दिसत नाही.

आहाराविषयी थोडक्यात एवढेच म्हणावयाचे की ज्वारी गेली ती वृद्धांच्या ताटातून पूर्णपणे गेलेली नाही. दात पडलेल्या माणसाला दुधात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी अजूनही सर्वांत सोयीची आहे. मात्र ती ज्वारी आता बहुधा विकत घ्यावी लागते आणि स्वस्त धान्याच्या दुकानात मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळतात. जलाशयात कटला आणि चिलापी विपुल आहे, भिगवणचा मासळीबाजार प्रसिद्ध आहे. पण माळकरी वृद्धाला त्याचा उपयोग नाही आणि त्याच्या पथ्याचा सल्ला देणाऱ्याने हे ध्यानात घ्यावयास हवे. हुलगा, मटकी, शेंगदाणा आणि ताक यांवर त्याच्या आहाराची भिस्त ठेवावी लागेल. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमा यांच्या वाटे याच जलाशयात येते. जलाशयाचे पाणी हिरवे दिसू लागले की जे लोक विकतच्या शुद्ध पाण्याचा जार आणू शकतात ते आणतात. तो वीस लिटरचा जार म्हातारीला उचलवत नाही.

आता माणसांपासूनचे अंतर. कोयना धरणाच्या विस्थापितांचे सर्वेक्षण करून इरावती कर्वे व जाई निंबकर यांनी १९६९ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो महाराष्ट्रातील या विषयाच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा टप्पा आहे. पुढे मायकेल सेर्निया यांनी विस्थापनातून उद्भवणाऱ्या आठ आपत्तींची जी मांडणी केली, तीत भूमिहीनता, बेकारी, बेघरपणा यांच्याबरोबरच वाढती रुग्णता आणि सामाजिक वीण उसवणे यांचाही समावेश आहे. आफ्रिकेतील करिबा धरणामुळे उठविल्या गेलेल्या ग्वेम्बे टोंगा लोकांचा एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर यांनी १९५६ पासून पिढ्यान्‌पिढ्या पाठपुरावा केला, त्यातून विस्थापनाचा ताण शरीर, मन आणि समाजजीवन या तिन्ही अंगांनी येतो असे त्यांनी दाखविले. आपल्याकडे असा दीर्घ पाठपुरावा अपवादानेच झाला. विस्थापनानंतरची पाच-दहा वर्षे पाहावयाची आणि पुनर्वसन झाले किंवा फसले असा निकाल द्यावयाचा, ही आपली रीत. उजनीच्या बाबतीत तो निकाल कसाही लागला असो, उसवलेली वीण वार्धक्यात पुन्हा जाणवू लागते, कारण वार्धक्यातच तिची खरी गरज लागते.

जुन्या गावात घरे भावकीने एकमेकांस लागून होती. पार, चावडी, देऊळ आणि नदीचा घाट ही ठिकाणे सर्वांच्या चालण्याच्या टप्प्यात होती. गाव उठले तेव्हा महाराष्ट्रात पुनर्वसनाचा पहिला कायदा, १९७६ चा, नुकताच झाला होता. काही कुटुंबे लाभक्षेत्रात दूरवर गेली, काही काठाजवळच्या माळावर नव्या गावठाणात बसली. नव्या गावठाणात प्लॉट सरळ रेषेत पाडले गेले आणि रस्ते रुंद झाले. आरोग्यदृष्ट्या हे सुधारलेले मानावे लागेल. परंतु पुढे शेताची सोय म्हणून बहुतेक कुटुंबे आपापल्या शेतातील वस्तीवर राहावयास गेली. परिणामी गावठाणात शाळा, ग्रामपंचायत आणि देऊळ, आणि माणसे मात्र विखुरलेली, अशी स्थिती झाली. वस्तीवरील वृद्धाला घरच्यांखेरीज दुसरा माणूस दिसण्यासाठी उसाच्या दोन फडांमधल्या वाटेने चालावे लागते. ऊस पुरुषभर उंच वाढला की पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत शेजारची वस्ती दिसतही नाही. ज्वारीच्या उभ्या पिकातही नजर अडत असेल, पण ते पीक चार महिन्यांत निघे.

या विखुरलेपणावर उतारा म्हणून जी संस्था अजून टिकून आहे ती वारकरी संप्रदायाची. गावोगावचे हरिनाम सप्ताह, एकादशीचे भजन, काकडा, आणि आषाढीची वारी. तुकोबांची पालखी निमगाव केतकीहून इंदापुरास येते, तेव्हा ती या जलाशयापासून फार दूर नसते. आणि पंढरपूर तर याच भीमेवर, धरणाच्या खालच्या अंगास आहे. भजनी मंडळात म्हाताऱ्याला स्थान असते. किंबहुना ज्याला जुने अभंग आणि चाली मुखोद्गत आहेत त्याला तेथे मान असतो. समवयस्कांच्या नियमित भेटी, स्मरणशक्तीला चालना, उभे राहून टाळ वाजविण्याचा व्यायाम, आणि कोण आले नाही याची आपोआप होणारी हजेरी, हे सारे त्यात आहे. वृद्धांसाठी विरंगुळा केंद्रे काढावीत असे धोरणांत लिहिलेले असते. ती अवश्य काढावीत. परंतु जे केंद्र आधीच चालू आहे तेथे रक्तदाब मोजण्याचे यंत्र नेणे अधिक स्वस्त पडेल. सप्ताहाच्या मांडवात आरोग्यसेविकेने तासभर बसावे, एवढीच ही सूचना. हे मात्र मान्य केले पाहिजे की भजनी मंडळ हे प्रामुख्याने पुरुषांचे असते आणि सर्व जातींच्या वृद्धांना तेथे सारखाच मोकळेपणा वाटतो असे नाही. ज्यांना तो वाटत नाही त्यांच्यासाठी आठवड्याच्या बाजाराचा दिवस हा दुसरा मार्ग आहे.

द्रव्याच्या साहाय्याकडे वळता, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखाली ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांना २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. जलाशयाच्या काठी सातबाऱ्यावर ऊस लागलेला असतो. त्यामुळे मुलाकडे उसाचे पैसे येतात आणि बापाच्या हाती काही येत नाही अशा घरातील वृद्ध या मर्यादेबाहेर पडतो. उत्पन्न कुटुंबाचे मोजले जाते, पण खर्च करण्याचा अधिकार कुटुंबात समप्रमाणात वाटलेला नसतो, ही या कसोटीतील उणीव आहे. वयाचा दाखला हीही एक अडचण. या पिढीतील, विशेषतः स्त्रियांच्या, जन्माच्या नोंदी बहुधा नाहीत. आधारपत्रावर अंदाजाने लिहिलेले वर्ष हेच मग कायम होते, आणि चार-पाच वर्षांच्या चुकीने निवृत्तिवेतन तितकीच वर्षे लांबते. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्याने अंगठ्याची खूण यंत्राला पटत नाही, हा तिसरा अडसर. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले आहे, हे मोठेच पाऊल आहे. तथापि ते रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. रोजची रक्तदाबाची गोळी, चष्मा, काठी आणि दवाखान्यापर्यंतची वाट या गोष्टी त्याच्या कक्षेत येत नाहीत.

कायद्याचा आधारही पाहिला पाहिजे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीचा २००७ चा कायदा वृद्धांना प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागण्याचा हक्क देतो. पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करणे गावात सहसा घडत नाही, आणि घडावे अशी अपेक्षा करणेही व्यवहार्य नाही. पण त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळविण्याची तरतूद त्यात आहे. म्हणून बक्षीसपत्र करतेवेळी ती अट लिहिली जाणे हे महत्त्वाचे. धरणग्रस्तांच्या घरांत जमिनीइतकीच मोलाची दुसरी एक वस्तू असते, ती म्हणजे प्रकल्पग्रस्ताचा दाखला. शासकीय नोकरीत प्रकल्पग्रस्तांसाठी पाच टक्के समांतर आरक्षण असल्याने आणि एका वेळी एकाच वारसास त्याचा लाभ घेता येत असल्याने, तो कोणत्या नातवाच्या नावे करावयाचा हा घरातील नाजूक प्रश्न होतो. वृद्धाच्या संमतीला येथे किंमत असते, आणि ती संमती दिली गेल्यावर त्याची घरातील प्रतिष्ठा वाढते की घटते, हे तपासून पाहण्याजोगे आहे. आमच्या माहितीत तरी या अंगाने कोणी या दाखल्याकडे पाहिलेले नाही.

आरोग्यसेवा दारापर्यंत नेण्याचा मार्ग शोधावयास फार दूर जावे लागत नाही. करमाळ्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच स्त्रियांना, त्यांतील पुष्कळशा निरक्षर, शिकवून आरोग्यसेविका म्हणून उभे करणे हे त्याचे मर्म होते. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या काळी त्यांच्यापुढे प्रश्न होता बाळंतिणींचा आणि बालमृत्यूंचा. आज आशा कार्यकर्तीच्या कामाचा भरही माता आणि बालक यांवरच अधिक आहे, आणि रक्तदाब-मधुमेहाची तपासणी त्यात अलीकडे जोडली गेली आहे. उजनीकाठच्या गावांत बालके घटत आणि वृद्ध वाढत असताना या कामाची वाटणी नव्याने व्हावयास हवी. ६० वर्षांवरील चारांपैकी तिघांना एखादा तरी दीर्घकालीन विकार असतो, असे २०१७-१८ च्या अखिल भारतीय वार्धक्य सर्वेक्षणात आढळले. अशा विकारात औषध महिन्याच्या महिन्याला घरी पोहोचणे हेच अर्धे उपचार होत. ते पोहोचविणारी व्यक्ती वस्तीची वाट माहीत असलेली असावी. आणि फुगवट्याच्या गावांना आरोग्याच्या मापदंडात दुर्गम म्हणून गणले जावे, म्हणजे तशा व्यक्तींची संख्या वाढविता येईल.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी नमूद करतो. वृद्धांचे वय ठरविताना कागदापेक्षा घटनांचे पंचांग अधिक भरवशाचे ठरते. पानशेतचा पूर (१९६१), कोयनेचा भूकंप (१९६७), बहात्तरचा दुष्काळ, आणि या गावांत सर्वांत उपयुक्त अशी खूण म्हणजे गाव उठले ते वर्ष : तेव्हा लग्न झाले होते काय, पहिले मूल किती मोठे होते, हे विचारले असता वय दोन-तीन वर्षांच्या फरकाने निघते. याच प्रश्नाने बोलणे जुन्या गावाकडे वळते, आणि ते वळू द्यावे. पाणी फार खाली गेले की पळसदेवचे प्राचीन मंदिर किंवा कुगावजवळचा इनामदारांचा वाडा उघडा पडतो, ते पाहण्यास वृद्ध माणसे आवर्जून जातात. त्या दिवशीची त्यांची चाल एरवीच्या चालीहून निराळी असते, हे निरीक्षकाने नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट अंतराच्या मोजणीची. घरापासून उपकेंद्र, औषधाचे दुकान, देऊळ आणि समवयस्काचे घर ही चार अंतरे वृद्धाच्या स्वतःच्या पावलांनी, त्याच्याबरोबर चालून, वेळेत मोजावीत, मैलांत नव्हे. काठाच्या वस्तीवर पाण्याची रेषा वर्षभर सरकत असल्याने वाटाही बदलतात. म्हणून ही मोजणी एकदा धरण भरलेले असताना, ऊस उभा असताना, ऑक्टोबरात करावी, आणि दुसऱ्यांदा मे महिन्यात, पाणी मागे गेल्यावर.